सही कुठे करू?

कागदावर पार्टनर, घरात मात्र ‘हिला काय कळतंय त्यातलं!’ तुमच्या घरात अशी एखादी मालकीणबाई आहे का? की ती तुम्हीच आहात?

रविवारची सकाळ. डायनिंग टेबलवर एका बाजूला पोह्यांच्या डिश, दुसऱ्या बाजूला बँकेच्या कागदांचा गठ्ठा. पप्पा फोनवर. कुकर लावता लावता हाक आली म्हणून आई पदराला हात पुसत बाहेर आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, पेनचं टोपण काढलं आणि गेली पंधरा वर्षं विचारत आलेला प्रश्न तिने पुन्हा विचारला, ‘‘सही कुठं करू?’’

पप्पांनी फोन कानाला लावूनच बोटाने जागा दाखवली. पेन्सिलीने फुल्या मारलेल्याच होत्या. फुली बघायची, सही करायची, पान उलटायचं. एका शिट्टीत सहा सह्या! आईचा स्पीड सॉलिड आहे.

मी समोरच बसले होते. ‘बिझनेसमधल्या बायका’ या विषयावर लिहायचं होतं म्हणून मुलाखतींची यादी करत होते. यादीत पार्लर चालवणारी होती, केकच्या ऑर्डरी घेणारी होती, बुटिकवाली होती. पण समोर बसलेली, उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपची ५० टक्के मालकीण काही मला दिसली नव्हती. आईचं नाव यादीत टाकायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? ती ‘बिझनेस’ थोडीच करते, ती फक्त सही करते!

सहज म्हणून एक पान ओढून वाचलं. कॅश क्रेडिट लिमिट वाढवण्याचे कागद. रक्कम ४० लाख. तारण, आमचा राहता फ्लॅट. तोच, जो आईच्या नावावर आहे.

‘‘आई, हे चाळीस लाखांचं आहे, माहितेय ना?’’

तिचा हात थांबला. ‘‘किती?’’

‘‘चाळीस. आणि आपलं घर तारण आहे.’’

‘‘असू दे की. वाचून मी काय करतो? तुझ्या पप्पांना कळतंय सगळं.’’

हे ‘करतो’ वाचून पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी हसतील. आमच्या कोल्हापुरात बायकापोरीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. बोलण्यात आम्ही कोणाला ऐकत नाही. बोलताना पुरुषांच्या बरोबरीने आणि हिशेबाच्या वहीपाशी आलो की एकदम ‘तुझ्या पप्पांना विचार’! त्या रविवारी मला हे पहिल्यांदाच खटकलं.

नावापुरती मालकीण

माझी आई बी.कॉम. आहे, तेही फर्स्ट क्लास. मी आठवीत असताना नवीन मशीनसाठी कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा पार्टनरशिप डीड झालं आणि ती पार्टनर झाली. त्यानंतर ती वर्कशॉपमध्ये जायची वर्षातून एकदा, खंडेनवमीला. लेथला हार घालायचा, कामगारांना पेढे वाटायचे, फोटोसाठी उभं राहायचं की घरी परत. हा किस्सा फक्त आमच्या घरचा नाही बरं का. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, लक्ष्मीपुरीत, गुजरीत कोणालाही विचारा. मिसेस, आई नाहीतर वहिनी, कोणी ना कोणी कागदावर असतेच.

ही नावं कागदावर का चढतात? थोडी प्रेमाने, बरीचशी सोयीने. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळू लागली. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून किमान २५ टक्के खरेदी करायची आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं २०१८ मध्ये ठरलं. २०१६ मध्ये ‘स्टँड अप इंडिया’ आली, तीत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्ज मिळायचं, पण फर्म असेल तर ५१ टक्के हिस्सा बाईचा हवा. योजना चांगल्याच आहेत. पण योजना नाव बघते. ते नाव असलेली बाई खुर्चीत बसते की स्वयंपाकघरात, हे तिला कसं दिसणार?

आणि हे आपल्याकडचंच खूळ आहे असं समजू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याने प्रत्येक लिस्टेड कंपनीच्या बोर्डावर किमान एक महिला संचालक सक्तीची केली. ‘सेबी’ने मुदत दिली १ एप्रिल २०१५ ची. मग काय झालं असेल? मुदत संपता संपता कित्येक कंपन्यांनी प्रमोटरची बायको, मुलगी, बहीण शोधून काढली! शेवटी ‘सेबी’ला नियम आणखी घट्ट करावा लागला. आधी पहिल्या ५०० कंपन्यांना, मग १ एप्रिल २०२० पासून पहिल्या हजार कंपन्यांना एक स्वतंत्र महिला संचालक सक्तीची झाली. स्वतंत्र म्हणजे प्रमोटरच्या नात्यातली नको. थोडक्यात काय, तर आमच्या डायनिंग टेबलवरची फुली मुंबईच्या काचेच्या बिल्डिंगमध्येही असते. फक्त पेन महागडं असतं.

कावळा नाक्यावरून जाताना घोड्यावरच्या ताराराणींकडे मान वर जातेच. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर त्यांनी आपल्या लहानग्या मुलाला गादीवर बसवलं आणि औरंगजेबाच्या फौजेशी झुंज स्वत: चालवली. नाव मुलाचं, कारभार राणीचा. तीनशे वर्षांत आपण नेमकं उलटं करून ठेवलंय. नाव राणीचं, कारभार दुसऱ्याचाच!

बुडाले तर दोघं

राजारामपुरीत सीए असलेल्या एका मैत्रिणीला फोन लावला. म्हटलं, ‘‘सही करून टाकली तर असं काय आभाळ कोसळतं?’’ तिने अर्धा तास क्लास घेतला. त्याचं सार तुमच्यासाठी.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या २५ व्या कलमानुसार फर्मच्या देण्यांना प्रत्येक पार्टनर बाकीच्यांसोबत जबाबदार असतो आणि एकट्यानेही. म्हणजे फर्मकडे पैसे नसतील तर देणेकरी पार्टनरच्या स्वत:च्या मालमत्तेपर्यंत पोहोचू शकतो. ‘मला काही माहीत नव्हतं, मी फक्त सही केली’ हे वाक्य तिथे चालत नाही.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण त्याच कायद्याचं १२ वं कलम ऐकून बरंही वाटलं. डीडमध्ये वेगळं काही ठरलं नसेल, तर प्रत्येक पार्टनरला कारभारात भाग घ्यायचा हक्क आहे. हिशेबाच्या वह्या बघायचा, तपासायचा आणि नक्कल काढून घ्यायचाही हक्क आहे. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही, अट एकच, ती पार्टनर हवी. आणि आई तर पंधरा वर्षं पार्टनर होती! जबाबदारी पूर्ण घेतली होती, हक्क एकदाही वापरला नव्हता.

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पण रात्री जेवताना म्हणाली, ‘‘ते कागद राहू देत दोन दिवस. मी वाचतो आणि मग करतो सही.’’

पप्पांचा घास हातातच राहिला. ‘‘का? विश्वास नाही माझ्यावर?’’

आता इथे सिनेमात असतं तसं खणखणीत भाषण आई ठोकेल असं वाटलं होतं. नाही ठोकलं. ती पडलेल्या आवाजात म्हणाली, ‘‘विश्वास आहे म्हणून तर पंधरा वर्षं वाचलं नाही.’’

पुढचे चार दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. पप्पांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी काही लपवलं नव्हतं हो! धंद्याचं टेन्शन घरात आणायचं नाही, हाच त्यांचा फंडा. त्यांना वाटायचं, आपण हिला जपतोय. आणि मलाच अपराधी वाटायला लागलं. एका लेखापायी घरात काडी लावली की काय?

उधारीची यादी

पाचव्या दिवशी आई डबा घेऊन वर्कशॉपला गेली. खंडेनवमी नसताना, पहिल्यांदा! कामगार गडबडले. ‘‘वहिनी, काय विशेष?’’ पहिली अडचण हिशेबाची नव्हती, टॉयलेटची होती. अख्ख्या शॉपला एकच, त्याची कडीही धड नाही. चार तास पाणी न पिता बसली ती. (मैत्रिणींनो, ‘धंद्यात बायका का येत नाहीत’ यावर सेमिनार घेणाऱ्यांनी आधी कडी बसवावी, ही नम्र विनंती.)

दुसऱ्या दिवशी तिने उधारीची यादी मागितली. एका जुन्या गिऱ्हाईकाकडे सव्वासहा लाख अडकलेले, १३० दिवस झालेले. आईने घरी येऊन माझ्या जुन्या रफ वहीत गणित मांडलं. बँक आपल्याकडून साडेदहा टक्के व्याज घेते. सव्वासहा लाखांवर १३० दिवसांचं झालं २३ हजारांच्या वर. ‘‘म्हणजे पैसे आपले, वापरतोय तो आणि व्याज भरतोय आपण!’’ बी.कॉम. फर्स्ट क्लास पंचवीस-तीस वर्षांनी जागी झाली होती.

मग ती आणि माझी सीए मैत्रीण फोनवर बसल्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं. आपसात ठरवलं तरी मुदत त्याच्या पुढे जात नाही. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. आमच्या फर्मची नोंदणी होतीच. आईने पत्राचा मसुदा केला, टाईप करून घेतला आणि खाली सही ठोकली. ही पहिली सही जिची जागा तिला कोणी दाखवली नव्हती.

आता इथे टाळ्या वाजवायची घाई करू नका. त्या गिऱ्हाईकाचा पप्पांना फोन आला, ‘‘काय शेठ, आता वहिनी पत्रं पाठवायला लागल्या होय?’’ पप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे आले, पण दोन हप्त्यांत. आणि पुढच्या महिन्यात त्याची ऑर्डर निम्म्यावर आली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक! पप्पा म्हणाले, ‘‘पत्र टाकताना मला सांगायचंस की.’’ आई म्हणाली, ‘‘चुकलं माझं. पण लिमिट वाढवताना तुम्हीपण मला सांगायचंत की.’’

दोघं गप्प. मग पप्पाच हसले. वसुलीचे पैसे आले होते म्हणून लिमिट ४० वरून ३२ लाखांवर आणायचं ठरलं. आईने पानन् पान वाचलं, तीन ठिकाणी प्रश्न विचारले आणि मग सह्या केल्या.

त्या खुर्चीत बसल्याच!

हा आमच्या घरातला छोटासा किस्सा. पण यानिमित्ताने ‘नाव’ ते ‘अधिकार’ हा प्रवास केलेल्या बायकांबद्दल वाचत सुटले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यांची सुरुवात आकड्यांपासून होते.

सातारा जिल्ह्यातलं म्हसवड घ्या. दुष्काळी माणदेश. वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायच्या प्लॅस्टिकसाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. इतकी लहान रक्कम म्हणून बँका खातं उघडेनात. ते ऐकून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. पण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका रडत बसल्या नाहीत. दिवसभर काम आणि रात्री अक्षरं गिरवणं सुरू झालं. काही महिन्यांनी त्या पुन्हा साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, कॅल्क्युलेटर न घेता सांगतो. तुमच्या ऑफिसरांनाही तसंच करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली!

दुसरं टोक पुण्याचं. अनु आगा ‘थरमॅक्स’मध्ये एचआर बघायच्या. १९९६ मध्ये पती रोहिंटन गेले आणि कंपनीची धुरा अचानक त्यांच्यावर आली. पुढे धंदा मंदावला, शेअरचा भाव घसरला आणि एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, तुम्ही आम्हाला निराश केलंत अशा अर्थाचं. त्यांनी ते फाडून टाकलं नाही. बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली, तोटा देणाऱ्या कामांतून अंग काढून घेतलं आणि कंपनी रुळावर आणून २००४ मध्ये खुर्ची सोडली. वारशात त्यांना खुर्ची मिळाली, पण तिच्यावरचा अधिकार त्यांनी स्वत: कमावला.

आणि आपलं कोल्हापूर? इथे कांचनताई परुळेकरांनी १९९२ मध्ये बँकेतली नोकरी सोडून ‘स्वयंसिद्धा’ सुरू केली आणि हजारो बायकांना स्वत:च्या व्यवसायाचे धडे दिले. म्हणजे शिकवणारं दार आपल्याच गावात होतं. माझ्या घरातून त्या दारापर्यंत कोणी गेलं नाही, एवढंच.

आणि तुम्ही-आम्ही?

आता तुम्ही म्हणाल, आमचा कुठे फॅमिली बिझनेस आहे? आम्ही आपल्या नोकरीवाल्या, नऊ ते सहा. खरंय. पण मग सांगा, तुमच्या सीटीसीमधले किती हातात येतात आणि किती बोनसच्या भरवशावर आहेत? पॉलिसीला नॉमिनी कोण? जॉइंट होम लोनवर तुमची सही आहे, मग घराच्या करारावर नाव आहे का? अप्रेझल फॉर्मच्या शेवटच्या पानावर सही करताना वरची चार पानं वाचली होती का?

लिंडा बॅबकॉक आणि सारा लॅशेव्हर यांचं २००३ मधलं ‘विमेन डोन्ट आस्क’ नावाचं पुस्तक आहे. त्यात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून मास्टर्स होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची पाहणी दिली आहे. पहिल्या ऑफरवर जास्त पगार मागणारी मुलं होती ५७ टक्के आणि मुली ७ टक्के! लगेच ‘मुलीच भित्र्या’ म्हणू नका. बॅबकॉक यांनीच सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये दाखवून दिलं, की मागणाऱ्या मुलीबद्दल समोरच्याचं मत जास्त खराब होतं. आईने नाही का गिऱ्हाईकाची अर्धी ऑर्डर गमावली? मागण्याची किंमत असते. पण न मागण्याचीही असते. फक्त तिचं बिल कोणी पाठवत नाही, त्यामुळे ती दिसत नाही.

आणि आता माझी फजिती. शिवाजी विद्यापीठात मास कॉम केलं, पाच वर्षं फ्रीलान्सिंग करतेय. आईला कलम २५ आणि कलम १२ समजावून सांगत होते, तेव्हा एका मासिकाकडे माझं चार लेखांचं मानधन सात महिने अडकलेलं होतं. दर काय ठरला होता? ठरलाच नव्हता! ‘‘बघू, देऊ,’’ ते म्हणाले आणि मी मान डोलावली. विचारलं तर पुढचं काम जाईल, ही भीती. आईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘आणि तू मला शिकवतीस होय गं?’’

दुसऱ्या दिवशी मी मेल टाकला. बिलाचा आकडा, तारखा आणि पुढच्या लेखाचा दर, सगळं स्पष्ट. पैसे आले. पुढचा लेख मात्र त्यांनी अजून मागितलेला नाही. चालायचंच! पण आता नवीन काम घेताना ‘‘दर किती?’’ हे वाक्य तोंडातून निघतं. आवाज अजून थोडा कापतो, पण निघतं.

सहीच्या आधी

• रक्कम, मुदत, तारण. या तीन गोष्टी कागदावर शोधल्याशिवाय पेनचं टोपण काढायचं नाही.

• कोरा चेक आणि कोरा फॉर्म, दोन्हीवर सही बंद. अगदी घरच्या माणसालाही.

• पार्टनर असाल तर डीडची प्रत स्वत:जवळ ठेवा. नफ्यातला वाटा, तोट्यातला वाटा आणि बाहेर पडायची अट, तिन्ही वाचा.

• महिन्यातून एकदा उधारीची यादी आणि बँकेचं स्टेटमेंट बघायचा दिवस ठरवा. नोकरी असेल तर सॅलरी स्लिप आणि पीएफचं पासबुक.

• सीएला प्रश्न स्वत: विचारा. ‘ह्यांना सांगा, ते मला सांगतील’ नको. कळलं नाही तर दुसऱ्यांदा विचारा. फी भरलेली असते!

असो. आता आई आठवड्यातून दोन दिवस वर्कशॉपला जाते. टॉयलेटला कडी बसली आहे. पप्पा अजूनही अधूनमधून जुन्या सवयीने पेन्सिलीने फुली मारतात.

गेल्या आठवड्यात कसलासा फॉर्म घेऊन ते आईसमोर आले. फुली मारलेलीच होती. आईने चष्मा लावला, पहिल्या पानापासून सुरुवात केली.

‘‘अगं, सही शेवटच्या पानावर आहे.’’

‘‘येतो की तिथंवर,’’ आई म्हणाली.